वीस तासांची साक्षरता आणि गावचे ग्रंथालय

प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाची मुदत ३१ मार्च २०२४ रोजी संपली. ग्रामीण भागातील सहा कोटी कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला संगणक, मोबाइल आणि इंटरनेट यांचा वापर शिकवावा, असा या अभियानाचा संकल्प होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सात वर्षांत सहा कोटी ३९ लाख व्यक्तींनी प्रशिक्षण पुरे केले आणि त्यांपैकी चार कोटी ७७ लाख व्यक्तींना प्रमाणपत्रे मिळाली. उद्दिष्टापेक्षा अधिक काम झाल्याची उदाहरणे सरकारी योजनांत फारशी आढळत नाहीत. त्या दृष्टीने हे यश मोठे होय. तथापि प्रशिक्षणाचा कालावधी एकंदर वीस तासांचा होता. प्रश्न उरतो तो एकविसाव्या तासाचा. वर्ग संपल्यावर शिकलेले गिरवावे कोठे, अडले तर विचारावे कोणाला आणि नव्या विद्येने वाचावे काय, याचे उत्तर त्या अभियानात नव्हते.

या प्रश्नाचे स्वरूप दिल्लीतून वा मुंबईतून नीट दिसत नाही. त्यासाठी एखाद्या गावाचाच विचार केला पाहिजे. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गडब हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. खारेपाटाचा हा मुलूख. खाडीचे पाणी बांधाबाहेर रोखून भात पिकवावे, उधाणात बांधाला खांड पडली की पुन्हा माती घालावी, असे येथील शेतीचे पिढ्यान् पिढ्यांचे जीवन. शेजारी डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. शेती, कारखाना आणि रस्ता या तिन्हींशी संबंध येणाऱ्या अशा गावात कागदपत्रांना किती महत्त्व असते, हे सांगावयास नको.

आणि हे कागद आता कागद राहिलेले नाहीत. तलाठ्याच्या सहीऐवजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. शेतात कोणते पीक उभे आहे, याची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. त्याच वर्षी ‘लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी करणे सक्तीचे झाले. शेतकरी, विद्यार्थी आणि गृहिणी अशा तिघांनाही एकाच घरातून, एकाच मोबाइलच्या पडद्यावरून शासनाला सामोरे जावे लागते. ज्याला ते जमते त्याचे काम घरबसल्या होते. ज्याला जमत नाही त्याला दुसऱ्याच्या दारात जावे लागते आणि आपला आधार क्रमांक, बँकेचे खाते व मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक हे सारे त्या दुसऱ्याच्या हवाली करावे लागते.

अंगठ्याची नवी जागा

याच जिल्ह्याला निरक्षरतेची किंमत ठाऊक आहे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालविला. त्या लढ्याच्या मुळाशी जमीन आणि खंड यांचा प्रश्न होता, तसाच कागदाचाही होता. कबुलायतीत काय लिहिले आहे हे न वाचता अंगठा उमटवावा लागणारा माणूस आपल्या हक्काला पारखा होतो, हे खारेपाटाने अनुभवातून जाणले. या संपाच्या काळातच, १९३७ साली, ‘कृषीवल’ पत्र निघाले, ही घटना योगायोगाची नव्हे. वाचणे आणि हक्क सांगणे यांचे नाते त्या पिढीला उमगले होते.

आज अंगठ्याची जागा ओटीपीने घेतली आहे. पडद्यावर काय लिहिले आहे हे न समजता तो क्रमांक दुसऱ्याला सांगणारा माणूस आणि न वाचता अंगठा देणारा कूळ यांच्यात तत्त्वतः फारसा फरक नाही. ‘डिजिटल अटक’ नावाच्या फसवणुकीविषयी पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून देशाला सावध करावे लागले. पोलीस वा न्यायाधीश असल्याची बतावणी करून फोनवरूनच माणसाला भयभीत करावे आणि त्याची पुंजी काढून घ्यावी, असा हा प्रकार. त्यात सुशिक्षित, निवृत्त अधिकारीही फसले. मोबाइल हाताळता येणे म्हणजे डिजिटल साक्षरता नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. समोर आलेला मजकूर खरा की खोटा, तो कोणी व कोणत्या हेतूने पाठविला आणि त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी कोठे खातरजमा करावी, हे कळणे ही ती साक्षरता होय. ही वाचनाचीच विद्या आहे. यंत्र नवे असले, तरी विवेक जुनाच लागतो.

यावर असे म्हटले जाते की, मोबाइल घरोघरी पोचला आहे, तेव्हा ही उणीव आपोआप भरून निघेल. यंत्राच्या प्रसाराविषयीचा हा दावा खोटा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. २०२५ च्या दूरसंचारविषयक सर्वेक्षणात मात्र देशातील सुमारे ८५ टक्के कुटुंबांकडे निदान एक स्मार्टफोन असल्याचे दिसून आले. सात-आठ वर्षांत झालेला हा बदल विलक्षण आहे. परंतु घरात एक फोन असणे आणि घरातील प्रत्येकाला तो वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फोन बहुधा कर्त्या पुरुषाच्या वा कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या खिशात असतो. सासू, सून आणि शाळकरी मुलगी यांच्या वाट्याला तो उरलेल्या वेळात येतो. शिवाय बोटभर लांबीच्या पडद्यावर चित्रफीत पाहता येते. शिष्यवृत्तीचा दहा पानी अर्ज भरणे वा संदर्भ शोधून टिपण काढणे कठीण जाते.

दुसरा दावा सेवा केंद्रांविषयी आहे. गावोगावी आपले सरकार सेवा केंद्रे आहेत, तेथे अर्ज भरून मिळतात, मग आणखी काय हवे, असा प्रश्न केला जातो. ही केंद्रे उपयुक्त आहेत यात शंका नाही. पण त्यांचे काम अर्ज भरून देण्याचे आहे, अर्ज भरावयास शिकविण्याचे नव्हे. पूर्वी टपाल कचेरीच्या ओसरीवर पैसे घेऊन पत्रे लिहून देणारा गृहस्थ बसे. त्याने अनेकांची नड भागविली. पण त्याच्यामुळे गाव साक्षर झाले, असे कोणी म्हणणार नाही. त्यासाठी शाळा काढावी लागली आणि शाळेनंतर ग्रंथालय.

पेणचा मुलगा, बडोद्याचे ग्रंथालय

शाळेनंतर ग्रंथालय का लागते, याचे उत्तर एका मराठी राजाने शंभर वर्षांपूर्वी दिले होते. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही, तर काही वर्षांत तो अक्षरे विसरतो आणि शाळेवरचा खर्च वाया जातो, हा विचार त्यांच्या ग्रंथालय-धोरणामागे होता. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयाचे स्वतंत्र खाते उभारले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय झाले, खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या निघाल्या. गावाने काही रक्कम जमविली, तर तेवढीच प्रांतपंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी, अशी व्यवस्था ठरली. त्यामुळे ग्रंथालय सरकारने दिलेले दान न राहता गावाची मालमत्ता झाले. मोतीभाई अमीन यांच्यासारखा निष्ठावान कार्यकर्ता त्यामागे उभा होता.

विशेष म्हणजे या खात्यात चित्रदर्शनाची एक स्वतंत्र शाखा होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चलच्चित्रे आणि काचेवरील चित्रे गावोगावी दाखविली जात. म्हणजे ग्रंथालयाने केवळ छापील पुस्तकच सांभाळावे, नव्या साधनाला शिवू नये, ही समजूत परंपरेला धरून नाही. सिनेमा नवा होता तेव्हा बडोद्याच्या ग्रंथालयाने तो जवळ केला. इलेक्ट्रॉनिक साहित्य जवळ करणारे आजचे ग्रंथालय काही अघटित करीत नाही.

या बडोद्याच्या ग्रंथालयाशी पेण तालुक्याचा एक संबंध आहे. गागोदे हे या तालुक्यातले गाव. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेला विनायक नरहर भावे हा मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्यास गेला आणि तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात सुट्टीच्या दुपारी तासन् तास वाचीत बसू लागला. पुढे जग त्याला विनोबा म्हणून ओळखू लागले. विनोबांची बुद्धी असामान्य होती हे खरेच. पण त्या बुद्धीला खाद्य पुरविणारे दार फुकट उघडे होते, हेही तितकेच खरे. आज गागोद्यात वा गडबमध्ये तशी बुद्धी असलेले मूल नसेल, असे मानण्याचे कारण नाही. दार आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने हाच धडा पुन्हा एकदा गिरविला. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि ती १९६१ पासून राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर झाल्याचे सोहळे झाले. मोहिमेच्या कर्त्यांना फिरत्या वाचनालयांची आवश्यकता पटली होती. पण पाठपुरावा विरळ झाला तेथे नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले. १९७८ साली राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, तेव्हा पुष्कळ ठिकाणी तीच पाटी पुन्हा कोरी दिसली. वीस तासांच्या प्रशिक्षणाचे भवितव्य याहून वेगळे कसे असेल? अक्षरे तरी बदलत नाहीत. मोबाइलवरची अॅपे मात्र दर वर्षी बदलतात. आज शिकलेली पायरी पुढील वर्षी जागेवर नसते. म्हणून डिजिटल साक्षरता ही एकदा द्यावयाची लस नव्हे. ती सतत चालणारी सोय असली पाहिजे, आणि अशी सोय गावात एकाच संस्थेच्या स्वभावात बसते. ती संस्था म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय.

चार हजार रुपयांत काय होईल?

महाराष्ट्राची ग्रंथालय-परंपरा देदीप्यमान आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयाचा कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. या कायद्याने लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान देण्याची पद्धत घातली. ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर मात्र बसविला नाही. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू या राज्यांनी तो बसविला. परिणामी महाराष्ट्रातील ग्रंथालये अर्थसंकल्पातील औदार्यावर अवलंबून राहिली.

ते औदार्य किती, हे पाहण्यासारखे आहे. ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान २०१२ नंतर दशकभर ३० हजार रुपये होते. २०२२ साली त्यात ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८ हजार रुपये ठरले. म्हणजे महिन्याला चार हजार. यात ग्रंथपालाचे मानधन, वृत्तपत्रे, पुस्तके, वीज आणि झाडलोट हे सारे बसवायचे. या रकमेतून संगणक घ्यावा, इंटरनेट ठेवावे आणि गावाला डिजिटल साक्षर करावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे चेष्टा होय. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आणि सुमारे ११ हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. बहुसंख्य गावांना ग्रंथालयच नाही. २०१२ नंतर बराच काळ नव्या ग्रंथालयांना मान्यता देण्याचेही थांबले होते. म्हणजे ज्या दशकात मोबाइल घरोघरी पोचला, नेमक्या त्याच दशकात ग्रंथालयाची वाढ खुंटली.

दोष केवळ पैशाचा नाही. १९७० च्या अनुदान नियमांत ग्रंथालयाची प्रत मुख्यतः ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, वृत्तपत्रे व नियतकालिके यांवरून ठरते. त्या काळी हे मोजमाप योग्य होते. पण एखाद्या ग्रंथालयाने वर्षभरात पन्नास स्त्रियांना स्वतःचे बँक खाते स्वतः पाहावयास शिकविले, वा शंभर शेतकऱ्यांना पीक नोंदवावयास शिकविले, तर त्याचे गुण या तक्त्यात कोठे मांडावयाचे? कपाटात काय आहे ते मोजले जाते, वाचकाला काय मिळाले ते मोजले जात नाही. ग्रंथ वापरासाठी असतात आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पंचसूत्रीत सांगितले. नियमांनी मात्र त्यांतील वाढ म्हणजे कपाटांची वाढ एवढाच अर्थ घेतलेला दिसतो.

शेजारच्या राज्यांनी वेगळी वाट धरली आहे. कर्नाटकाने २०१९ साली ग्रामपंचायत ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे सोपवून त्यांचे रूपांतर ‘अरिवु केंद्रां’त करण्यास आरंभ केला; मुलांना सभासदत्व मोफत दिले आणि संगणक व डिजिटल साहित्याची जोड दिली. केरळात पुल्लमपारा या एका ग्रामपंचायतीने २०२२ साली संपूर्ण डिजिटल साक्षरता साधली आणि त्या धड्यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये साऱ्या राज्याने तशी घोषणा केली. घोषणांत अतिशयोक्ती असू शकते. पण तेथे आरंभ गावापासून झाला आणि दशकानुदशके गावोगाव रुजलेल्या वाचनसंस्कृतीची भूमी त्याला लाभली, हे नाकारता येत नाही. युरोपात डेन्मार्कने २०१४ साली सरकारी पत्रव्यवहार डिजिटल केला, तेव्हा गोंधळलेल्या नागरिकांना मदत करण्याचे काम तेथील ग्रंथालयांनी अंगावर घेतले. फिनलंडच्या २०१७ पासून अमलात आलेल्या ग्रंथालय कायद्यात बहुविध साक्षरतेस साहाय्य करणे हे ग्रंथालयाचे कर्तव्यच ठरविले आहे. शासन ऑनलाइन झाले की ग्रंथालय अधिक आवश्यक होते, असा या साऱ्याचा अर्थ.

मालकीचा प्रश्न

इलेक्ट्रॉनिक साहित्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. छापील पुस्तक विकत घेतले की ते ग्रंथालयाचे होते. पाने पिवळी पडेपर्यंत ते कोणालाही देता येते. ई-पुस्तकाचे तसे नाही. तेथे पुस्तक विकले जात नाही, वाचण्याची परवानगी तेवढी मिळते. अमेरिकेतील हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ साली ग्रंथालयांना दिलेले प्रत्येक ई-पुस्तक २६ वेळा वाचकाला दिल्यावर पुन्हा विकत घ्यावे, असा नियम केला आणि जगभरच्या ग्रंथपालांना या व्यवहाराचे खरे रूप कळले. भारतातही धडा मिळाला आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी साहाय्याच्या प्रकल्पात असंख्य जुनी मराठी पुस्तके वाचावयास मिळत. स्वामित्वहक्काच्या प्रश्नामुळे तो संग्रह बंद पडला आणि अभ्यासकांना परदेशी संकेतस्थळांवरील प्रतींचा आश्रय घ्यावा लागला. दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवलेले ग्रंथ आपल्या कपाटातले नव्हेत, हे ग्रंथालयांनी विसरता कामा नये.

उच्च शिक्षणासाठी केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली आणि तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये ठेवले. सरकारी विद्यापीठे व महाविद्यालये यांना त्यामुळे हजारो संशोधनपत्रिका खुल्या झाल्या. ही योजना स्वागतार्ह होय. पण गावच्या ग्रंथालयात बसून अभ्यास करणारा शिक्षक तिच्या कक्षेत येत नाही. मराठी प्रकाशकांनी सार्वजनिक ग्रंथालयांना ई-पुस्तके कशी द्यावीत, याची सर्वमान्य पद्धतही अद्याप रूढ झालेली नाही. लेखक-प्रकाशकांचे उत्पन्न बुडू नये आणि ग्रंथालयाचा हक्कही राहावा, असा मार्ग शासन, प्रकाशक आणि ग्रंथालय संघ यांनी एकत्र बसून काढला पाहिजे.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. मराठीत आज फुकट आणि कायदेशीर रीतीने उपलब्ध असलेले साहित्य थोडेथोडके नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी पाया घातलेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे. साहित्य संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने उतरवून घेता येतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने आपला दुर्मिळ संग्रह खुला केला आहे. कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर आणि १९६४ ची त्याची नवी आवृत्ती वाचावयास मिळते. आपल्याच मुलखाची शेती, व्यापार आणि लोकजीवन यांचा एवढा तपशील दुसरीकडे क्वचित सापडेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी साहित्य हक्कमुक्त होते. त्यामुळे केशवसुत, हरिभाऊ आपटे, गडकरी यांच्यापासून २०११ साली हक्कमुक्त झालेल्या साने गुरुजींपर्यंत मराठीचे मोठे धन कोणत्याही ग्रंथालयाला निर्वेधपणे ठेवता येते. इंटरनेट वारंवार खंडित होणाऱ्या गावात हे सारे एका लहानशा डिस्कवर साठवून जाळ्याविनाही वाचकांना देता येईल. त्याचा खर्च काही हजार रुपयांपलीकडे नाही.

ग्रंथालयाने केवळ बाहेरचे साहित्य आत आणावे असेही नाही. गावाजवळ स्वतःचे पुष्कळ असते. आगरी समाजातील लग्नात धवलारीण जे धवले गाते, ते तिच्याबरोबर लोप पावत आहेत. खारबंदिस्तीचे ज्ञान, उधाणांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे, शाळेची जुनी हस्तलिखिते यांचे ध्वनिमुद्रण वा चित्रण विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. ग्रंथालयाकडे जे पुस्तक छापील स्वरूपात आहे, त्याची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात अ-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे. ही मुभा किती ग्रंथालयांना माहीत आहे, हाच प्रश्न आहे. मोबाइलवर दुसऱ्याचे पाहत बसण्यापेक्षा आपले नोंदवून ठेवणारा विद्यार्थी डिजिटल साक्षरतेची वरची पायरी चढलेला असतो.

माणूस हवा

या साऱ्यात यंत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा आहे. आजवरच्या बहुतेक योजनांचे अपयश एकाच कारणाने घडले. संगणक आले, त्यांवर आच्छादने चढली आणि वर्षभरात ते धूळ खात पडले, कारण त्यांच्याशेजारी बसणारा माणूस कोणी नेमला नाही. पेणच्या खारेपाटात एखादे ग्रंथालय सायंकाळी तीन तास उघडे असेल, तेथे दोन संगणक, बरे इंटरनेट आणि मन लावून समजावून सांगणारा एक प्रशिक्षित ग्रंथपाल असेल, तर त्याचा उपयोग शेकडो प्रमाणपत्रांहून अधिक होईल. आठवड्यातील एक दुपार केवळ स्त्रियांसाठी, एक सायंकाळ ज्येष्ठांसाठी, अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत रोज दोन तास विद्यार्थ्यांसाठी, पीक नोंदणीच्या हंगामात शेतकऱ्यांसाठी, असे साधे वेळापत्रक पुरेसे आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, ही पाटी भिंतीवर असावी. आणि एक नियम कटाक्षाने पाळावा. ग्रंथपालाने कोणाचाही गुप्त क्रमांक वा पासवर्ड स्वतःजवळ घेऊ नये. बटण वाचकानेच दाबावे, त्याने केवळ शेजारी बसावे. अर्ज भरून देणे आणि अर्ज भरावयास शिकविणे यांतील सीमारेषा ती हीच.

यासाठी शासनाने तीन गोष्टी करणे आवश्यक आहे. पहिली, अनुदानाच्या नियमांत प्रत्यक्ष दिलेल्या सेवेला गुण द्यावेत. दुसरी, ग्रंथपालाचे वेतन अनुदानापासून वेगळे काढून त्याला जगण्याजोगा पगार द्यावा. गावच्या ज्ञानाचा रखवालदार महिना दोन हजारांवर ठेवून ज्ञानाधिष्ठित समाजाच्या गोष्टी करणे शोभत नाही. तिसरी, साक्षरतेची पुढची जी कोणती मोहीम निघेल, तिच्या खर्चाचा निश्चित वाटा ग्रंथालयांना द्यावा, म्हणजे वर्ग संपल्यावरही शिकणे चालू राहील. बडोद्याचा तिहेरी वाटणीचा जुना नियमही पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. गाव, ग्रामपंचायत आणि शासन यांनी समान भार उचलला, तर संस्था गावाची होते. ज्या परिसरात मोठे कारखाने आहेत, तेथे त्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून गावाच्या वाट्याला हातभार मिळणे अशक्य नाही. पण संस्था गावाच्याच ताब्यात राहिली पाहिजे. देणगीदाराच्या नावाची पाटी मोठी आणि पुस्तकांचे कपाट लहान, असे होऊ नये.

गावातील शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनाही यातून अंग काढून घेता येणार नाही. महाराष्ट्रातील जुनी वाचनालये सरकारी हुकमाने निघाली नाहीत. कोणा शिक्षकाने आपली खोली दिली, कोणा कारकुनाने महिन्याचा रुपया दिला, विद्यार्थ्यांनी घरोघर फिरून पुस्तके गोळा केली आणि त्यातून ती उभी राहिली. आज पुस्तकांबरोबर वेळ गोळा करावयाचा आहे. ज्याला अर्ज भरता येतो त्याने आठवड्यातून एक तास दुसऱ्याशेजारी बसण्यासाठी द्यावा, एवढेच हे मागणे आहे.

खारेपाटातील शेतकऱ्याला बांधाचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. बांध एकदा घालून भागत नाही. उधाण दर पंधरवड्याला येते आणि बांधावर नजर ठेवणारे गाव नसेल, तर एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते व पुढील कित्येक वर्षे तेथे भात पिकत नाही. नव्या युगाचे पाणीही असेच गावाच्या सीमेवर आले आहे. ते अडवून ठेवता येणार नाही आणि मोकळे सोडूनही चालणार नाही. त्यावर रोज नजर ठेवणारे, आत काय घ्यावे आणि बाहेर काय रोखावे हे गावाला शिकविणारे एक ठिकाण हवे. वीस तासांत बांध घालून होईल. तो राखावयाचा, तर त्यासाठी गावात रोज सायंकाळी उघडणारे एक दार लागेल.